शल्यविशारद डॉ. विल्यम हॅल्स्टेड

(बी. कॉम. भाग २)

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना पुष्कळदा वाटते की, ही माणसे आपल्यापेक्षा निराळ्याच मातीची घडलेली असावीत. त्यांचा अभ्यास, त्यांची जिद्द, त्यांचा संयम यांची वर्णने वाचून आपण भारावून जातो आणि पुस्तक मिटून ठेवतो. पण काही चरित्रे वाचून संपली तरी मनातून जात नाहीत. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. विल्यम स्ट्युअर्ट हॅल्स्टेड यांचे चरित्र त्यांपैकीच एक होय. कॉलेजात असताना पुस्तकांपेक्षा मैदानावर रमलेला तरुण, ऐन उमेदीत व्यसनाच्या विळख्यात सापडलेला डॉक्टर आणि आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालणारा आचार्य ही एकाच माणसाची तीन रूपे आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही.

या चरित्रात एक विलक्षण योगायोगही आहे. माणसाच्या पोटातील पित्ताशय आणि पित्तनलिका या दोन लहानशा अवयवांनी डॉ. हॅल्स्टेड यांचा जन्मभर पाठपुरावा केला. त्यांच्या आईवरची शस्त्रक्रिया पित्ताशयाची, कर्करोगाच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदवणारी शस्त्रक्रिया पित्तनलिकेच्या तोंडाची आणि त्यांचा स्वतःचा अंत झाला तोही पित्तनलिकेतल्या खड्यानेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध दवाखान्याच्या बाकावर बसून नंबर येण्याची वाट पाहण्यापुरताच. त्यामुळे पुढचे समजण्यासाठी पित्ताची थोडी माहिती माझ्यासारख्यांना अगोदर करून घ्यावी लागते. आपले यकृत सतत पित्त तयार करीत असते. ते साठवण्यासाठी यकृताच्या खाली पेरूच्या आकाराची एक छोटी पिशवी असते. तिला आपण पित्ताशय म्हणतो आणि आपले कन्नड भाषिक मित्र पित्तकोश म्हणतात. जेवण झाले की ही पिशवी आकसते आणि पित्त एका नळीवाटे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. ही नळी म्हणजे पित्तनलिका. ती आतड्यात जेथे उघडते तेथेच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. दोन ओढे एकत्र येऊन नदीला मिळावेत तशी ही जागा असते. या जागेला अब्राहम व्हॅटर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाचे नाव आहे.

पित्तात कधी कधी खडे तयार होतात. मुतखड्याची वेदना ज्याने पाहिली आहे त्याला या खड्याच्या कळेचीही कल्पना येईल. खडा पित्ताशयात असेपर्यंत तो गप्प बसू शकतो. पण नळीत अडकला की पित्ताची वाट बंद होते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि ताप चढतो. हीच वाट कर्करोगाच्या गाठीनेही बंद होते. तेव्हा मात्र बऱ्याच वेळा कळ येत नाही, कावीळ तेवढी हळूहळू वाढत जाते. त्यामुळेच हा रोग फसवा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत असा रोगी म्हणजे मरणाच्या दारात उभा असलेला माणूस, अशीच समजूत होती.

विल्यम हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील कापडाची आयात करणारे श्रीमंत व्यापारी होते. घरी कशाची ददात नव्हती. येल विद्यापीठात असताना ते फुटबॉल संघाचे कर्णधार होते. अभ्यासात मात्र त्यांनी नाव काढले नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्यांनी एकही पुस्तक वाचायला नेले नाही, असे त्यांचे चरित्रकार गमतीने सांगतात. शेवटच्या वर्षी त्यांच्या हाती शरीररचनेचे आणि शरीरक्रियेचे अशी दोन पुस्तके पडली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८७४ साली पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि तीन वर्षांनी डॉक्टर झाले.

न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये उमेदवारी करताना त्यांनी एक साधी गोष्ट केली. रोग्याचा ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद एकाच तक्त्यावर आलेखाच्या रूपाने ठेवण्याची पद्धत त्यांनी तेथे सुरू केली. आज रोग्याच्या खाटेला जो कागद अडकवलेला असतो, त्याचा हा पूर्वज. हिशेबाची वही नीट ठेवली की व्यवहार कोठे चुकला ते कळते, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. हॅल्स्टेड यांनी ते रोग्याच्या बाबतीत ओळखले.

१८७८ ते १८८० ही दोन वर्षे त्यांनी युरोपात काढली. त्या काळी शस्त्रक्रियेची काशी म्हणजे व्हिएन्ना आणि जर्मनीतील विद्यापीठे. तेथे बिलरोथ, फोल्कमान यांच्यासारख्या गुरूंचे काम त्यांनी जवळून पाहिले. शस्त्रक्रियेआधी प्रयोगशाळा, हातात सुरी घेण्याआधी सूक्ष्मदर्शक, हा तेथील धडा त्यांनी आयुष्यभर जपला. परत आल्यावर ते न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी अनेक रुग्णालयांत काम करू लागले. बेलव्ह्यू रुग्णालयातील दालनांत जंतुनाशकांचे नियम पाळले जात नाहीत असे पाहून त्यांनी मित्रमंडळींकडून पैसे उभे केले आणि रुग्णालयाच्या आवारात स्वतंत्र तंबू उभारून त्यात शस्त्रक्रिया सुरू केल्या. धाडस, पैसा, कौशल्य आणि तारुण्य सारे त्यांच्यापाशी होते.

या काळातल्या दोन घटना त्यांच्या घरच्याच आहेत. १८८१ साली त्यांची बहीण बाळंत झाली आणि रक्तस्रावाने मरणोन्मुख झाली. हॅल्स्टेड यांनी स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिच्या शिरेत भरले आणि मग रक्तस्राव थांबवला. बहीण वाचली. रक्ताचे गट असतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लँडस्टायनर यांचा तो शोध १९०१ सालचा. रक्त जुळले हे दोघांचेही नशीब.

दुसरी घटना १८८२ सालची. त्यांची आई ऑल्बनी येथे मुलीकडे असताना फार आजारी पडली. ताप, कावीळ आणि पोटात उजव्या बाजूला दुखरी गाठ. हॅल्स्टेड तेथे पोचले, त्यांनी तपासले आणि पित्ताशयात पू झाला आहे असे निदान केले. सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे होते. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईला निजवून त्यांनी तिचे पोट उघडले, पित्ताशयातला पू काढला आणि सात खडे बाहेर काढले. अमेरिकेत पित्ताशय उघडून खडे काढण्याचा प्रयोग १८६७ साली जॉन बॉब्ज यांनी प्रथम केला होता. पण त्यानंतरही असे धाडस करणारे अगदी मोजके होते. आपल्या तीस वर्षांच्याही न झालेल्या मुलाच्या हाती त्या माउलीने जीव सोपवला आणि ती बरी झाली.

त्याच वर्षी १५ जुलै रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी जगात प्रथमच संपूर्ण पित्ताशय काढून टाकले. घोडा आणि हत्ती यांना पित्ताशय नसते, तरी ते धडधाकट जगतात. मग माणूस का जगणार नाही, असा त्यांचा विचार होता. रोगी जगला. अशा रीतीने १८८२ हे वर्ष पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात दोन अर्थांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक घटना रुग्णालयात घडली, दुसरी स्वयंपाकघरात.

यानंतर दोनच वर्षांनी सारे बिघडले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये हायडेलबर्ग येथील परिषदेत बातमी आली की, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करण्यात यश मिळवले आहे. तोवर शस्त्रक्रिया करायची तर रोग्याला पूर्ण बेशुद्ध करावे लागे आणि त्यात पुष्कळ धोका असे. हॅल्स्टेड आणि त्यांचे सहकारी यांनी लगेच प्रयोग सुरू केले. एखाद्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचले तर तो तंतू जेथपर्यंत जातो तेवढा सगळा भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. आज दात काढताना डॉक्टर जबड्यात जी सुई टोचतात, तिच्या मुळाशी हेच संशोधन आहे. पण प्रयोग कोणावर करायचे? त्यांनी ते स्वतःवर, एकमेकांवर आणि विद्यार्थ्यांवर केले. कोकेनचे व्यसन लागते, ही गोष्ट तेव्हा वैद्यकाला नीटशी ठाऊक नव्हती. ती त्यांना स्वतःच्या शरीरावरूनच कळली.

काही महिन्यांत या हुशार तरुणांची दशा पालटली. १८८५ साली हॅल्स्टेड यांनी या विषयावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यातील वाक्ये इतकी भरकटलेली आहेत की कोकेनचा परिणाम कसा होतो याचा तो लेखच एक पुरावा ठरला. काम सुटले, रुग्णालये सुटली, मित्र चिंतेत पडले. त्यांपैकी विल्यम वेल्च या मित्राने १८८६ साली त्यांना जहाजाने वेस्ट इंडीजकडच्या बेटांवर नेण्याची व्यवस्था केली. समुद्रावर कोकेन मिळणार नाही अशी आशा होती. ती फळाला आली नाही. त्याच वर्षी हॅल्स्टेड प्रॉव्हिडन्स येथील बटलर या मनोरुग्णालयात अनेक महिने राहिले. तेथून ते बाहेर पडले खरे. पण कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली होती. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा त्याच रुग्णालयात राहावे लागले.

न्यूयॉर्कचे दरवाजे बंद झाले होते. अशा वेळी वेल्च यांनीच हात दिला. ते बाल्टिमोर येथे नव्याने उभ्या राहणाऱ्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत रोगविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी हॅल्स्टेड यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. शस्त्रक्रिया नाही, रोगी नाहीत, फक्त प्रयोग. येथे कुत्र्यांच्या आतड्यांवर काम करताना हॅल्स्टेड यांनी एक महत्त्वाची गोष्ट शोधून काढली. आतड्याला अनेक थर असतात. त्यांपैकी आतल्या अस्तराच्या लगेच खाली असलेला चिवट थर टाक्यात आला तरच टाका टिकतो. तो सुटला तर टाका निसटतो आणि रोगी दगावतो. आतड्याचे दोन तुकडे कसे जोडावेत, या प्रश्नाचे हे उत्तर आजही शिकवले जाते.

१८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. हॅल्स्टेड यांना आधी तात्पुरते नेमले आणि त्यांची चाल पाहून १८९० मध्ये मुख्य शल्यविशारद केले. १८९२ साली ते प्राध्यापक झाले. मात्र बाल्टिमोरला आलेला माणूस न्यूयॉर्कचा हॅल्स्टेड राहिला नव्हता. पूर्वीचा बोलका, झटपट काम उरकणारा, मेजवान्या देणारा तरुण जाऊन त्याच्या जागी एक अबोल, संकोची, काहीसा तिरसट गृहस्थ आला होता. कपड्यांची शोकीन वृत्ती तेवढी टिकून होती. आपले सदरे ते धुण्यासाठी पॅरिसला पाठवीत!

शस्त्रक्रियेची त्यांची रीतही बदलली. पूर्वी गुंगीचे औषध नव्हते तेव्हा जो भराभर कापील तो मोठा सर्जन, अशी ख्याती असे. ती सवय पुढेही गेली नव्हती. हॅल्स्टेड अतिशय सावकाश काम करीत. प्रत्येक छोटी रक्तवाहिनी बारीक चिमट्याने धरून बांधायची, मांसाला हिसका द्यायचा नाही, रेशमाचे बारीक टाके घालायचे, जखम ताणून शिवायची नाही, असे त्यांचे नियम होते. जिवंत पेशींना हळुवारपणे हाताळले तर जखम आपोआप भरते, हा त्यांचा सिद्धान्त. पाहणाऱ्यांना कंटाळा येई, पण त्यांचे रोगी बरे होऊन घरी जात.

रबरी हातमोज्यांची कथाही याच काळातली आहे. शस्त्रक्रियागृहातील मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे खरूज आल्यासारखे झाले. चांगली परिचारिका काम सोडून जाईल या काळजीने हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० च्या जूनमध्ये या दोघांचा विवाह झाला. पुढे सहकारीही सोय म्हणून हातमोजे घालू लागले आणि त्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये आकडे मांडून दाखवले की हातमोजे घातल्याने जखमा चिघळण्याचे प्रमाण खूपच घटते. परिचारिकेच्या हातांसाठी आणलेली वस्तू रोग्यांचे प्राण वाचवू लागली.

आता पित्तनलिकेकडे वळू. १८९८ च्या फेब्रुवारीत कावीळ झालेली एक वृद्ध स्त्री हॅल्स्टेड यांच्याकडे आली. पोट उघडल्यावर दिसले की, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जेथे आतड्यात उघडतात, नेमक्या त्या संगमावर कर्करोगाची गाठ आहे. त्या जागेपर्यंत कोणी यशस्वीपणे पोचले नव्हते. हॅल्स्टेड यांनी गाठीसह आतड्याचा तेवढा भाग आणि दोन्ही नळ्यांची टोके कापून काढली, आतडे पुन्हा जोडले आणि त्या जोडातच दोन्ही नळ्या नव्याने बसवल्या. कुत्र्यांच्या आतड्यांवर शिकलेली विद्या येथे कामी आली. रोगी शस्त्रक्रियेतून उठली. व्हॅटरच्या संगमावरील कर्करोगाची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते.

पण यश या शब्दाचा अर्थ येथे जपून घ्यायला हवा. काही महिन्यांत तिची पित्ताची वाट पुन्हा अडली. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा कर्करोग परत आल्याचे दिसले. ही सगळी हकीकत खुद्द हॅल्स्टेड यांनी १८९९ साली पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियेवरील आपल्या लेखात प्रसिद्ध केली. पहिल्या शस्त्रक्रियेचा विजय सांगून ते थांबले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण खर्चाची बाजू लपवून नफा दाखवायचा नाही, ही त्यांची शिस्त होती. यावरून पुढच्यांना कळले की नुसती गाठ काढून भागत नाही, रोग भोवतीच्या स्वादुपिंडातही शिरलेला असतो. १९०९ साली बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी स्वादुपिंडाचा भाग आणि आतडे मिळून काढण्याची शस्त्रक्रिया केली. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी तिला निश्चित रूप दिले. व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आजही या भागातील कर्करोगावरचा मुख्य उपाय आहे.

पित्तनलिका अतिशय बारीक. तिला टाके घालणे म्हणजे ओल्या कागदाची सुरळी शिवण्यासारखे. त्यासाठी हॅल्स्टेड यांनी १८९८ मध्ये इवल्याशा हातोडीच्या आकाराचे उपकरण तयार केले. हातोडीचे डोके नळीत घालायचे, त्यावर नळी ताणून धरून टाके घालायचे आणि शेवटचा टाका आवळण्यापूर्वी हातोडी काढून घ्यायची. १९०१ साली त्यांचा एक रोगी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने मरण पावला. तरुण रोगविज्ञानी युजीन ओपी यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा दोन नळ्यांच्या संगमावर एक लहानसा खडा अडकलेला आढळला. त्यामुळे पित्त उलटे स्वादुपिंडात शिरले होते. पित्तखड्याचा आणि स्वादुपिंडाच्या दाहाचा संबंध अशा रीतीने प्रथम स्पष्ट झाला. गुरूच्या अपयशातून शिष्याच्या वयाच्या माणसाला शोध लागला आणि गुरूने त्यावर लेख लिहून तो उचलून धरला.

सगळेच हॅल्स्टेड यांचे विचार काळाच्या कसोटीला उतरले असे मात्र नाही. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. १८९४ साली त्यांनी ५० स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण फक्त ६ टक्के होते. त्या काळाच्या मानाने हे फारच मोठे यश होते. त्यामुळे पाऊणशे वर्षे जगभर स्त्रियांवर हीच शस्त्रक्रिया होत राहिली. पुढे १९७० नंतर बर्नार्ड फिशर आणि इतरांनी पद्धतशीर तुलना करून दाखवले की, बऱ्याच स्त्रियांना लहान शस्त्रक्रियेनेही तेवढेच आयुष्य लाभते. कर्करोग पायरीपायरीने शेजारी पसरतो, म्हणून जास्त कापले की जास्त बरे, हा हॅल्स्टेड यांचा समज अपुरा होता. चूक दाखवणाऱ्यांनी साधन कोणते वापरले? नोंदी ठेवणे, रोग्यांचा वर्षानुवर्षे माग घेणे, आकडे मांडणे. म्हणजे हॅल्स्टेड यांनी जो मार्ग घालून दिला त्याच मार्गाने जाऊन त्यांचे मत खोडले गेले.

गुरू म्हणून त्यांची थोरवी निराळीच आहे. पदवी मिळाली की लगेच सुरी हातात, असा त्या काळचा प्रघात होता. हॅल्स्टेड यांनी जर्मनीतील पद्धत पाहून आपल्या विभागात दीर्घ प्रशिक्षण सुरू केले. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे थोडी थोडी जबाबदारी उचलायची आणि शेवटी मुख्य निवासी डॉक्टर म्हणून संपूर्ण विभाग सांभाळायचा. अशा फक्त १७ मुख्य निवासी डॉक्टरांना त्यांनी तयार केले. पण त्यांतले अनेक जण पुढे स्वतः प्राध्यापक झाले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वे कुशिंग हे त्यांचेच शिष्य. आज आपल्याकडे एम. एस. करणारे विद्यार्थी वॉर्डात राहून शिकतात, त्या पद्धतीचे मूळ बाल्टिमोरला आहे.

शिष्यांना मात्र गुरूचे एक कोडे उलगडत नसे. ते मधूनच दिवसेंदिवस दिसत नसत. उन्हाळ्यात तर कित्येक महिने ते नॉर्थ कॅरोलिनातील आपल्या डोंगराळ शेतावर किंवा युरोपात असत. तेथे ते डेलियाची फुले जोपासत, कुत्रे पाळत. यामागचे एक कारण पुढे उघड झाले. हॉपकिन्सचे विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी संस्थेची अंतर्गत हकीकत लिहून ती बंद करून ठेवली होती. ती १९६९ साली खुली झाली. तीतून कळले की हॅल्स्टेड यांची मॉर्फिनची सवय बाल्टिमोरलाही सुटली नव्हती. ज्या काळात त्यांनी ही सारी कामे केली, त्याच काळात ते रोज एका अदृश्य शत्रूशी झगडत होते.

या माहितीने काही जणांना धक्का बसला. व्यसनी माणसाला थोर म्हणावे काय, असा प्रश्न निघाला. माझ्या अल्पमतीप्रमाणे या प्रश्नाला दोन बाजू आहेत. त्यांचे व्यसन चैनीतून आलेले नव्हते, ते प्रयोगातून आले होते, हे खरे. पण तेवढ्याने त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या व्यसनाने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली, स्वभाव बदलला, सहकाऱ्यांचीही आयुष्ये उद्ध्वस्त केली. कोकेनमुळे ते मोठे झाले असे म्हणणे म्हणजे आग लागली म्हणून घर चांगले बांधले असे म्हणण्यासारखे आहे. त्यांना उभे केले ते वेल्च यांच्यासारख्या मित्राने आणि त्या प्रयोगशाळेतल्या संथ, रोजच्या कामाने. पडलेल्या माणसाला दुसरी संधी दिली तर जगाला काय मिळू शकते, याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

अखेरचा अंक पुन्हा पित्ताचाच आहे. १९१९ साली हॅल्स्टेड यांना स्वतःलाच पित्तखड्यांचा त्रास सुरू झाला. त्यांचेच शिष्य रिचर्ड फॉलिस यांनी शस्त्रक्रिया केली. तीन वर्षे बरी गेली. १९२२ च्या उन्हाळ्यात शेतावर असताना कळ, ताप आणि कावीळ ही तीच जुनी लक्षणे परत आली. चाळीस वर्षांपूर्वी आईच्या बाबतीत जे निदान त्यांनी केले होते, त्यासारखेच आता स्वतःचे करण्याची पाळी आली. ते बाल्टिमोरला परतले. जॉर्ज ह्यूअर आणि मॉन्ट रीड या त्यांच्या दोन शिष्यांनी शस्त्रक्रिया करून नळीतला खडा काढला. गुरूवर सुरी चालवताना त्यांचे मन कसे झाले असेल! सुरी त्यांनी गुरूनेच शिकवलेल्या रीतीने चालवली असणार. पण पुढे रक्तस्राव आणि न्यूमोनिया यांनी घात केला. ७ सप्टेंबर १९२२ रोजी डॉ. हॅल्स्टेड यांचे निधन झाले. सत्तर वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोलिनबाईही गेल्या.

काविळीच्या रोग्याला रक्तस्राव का होतो, याचे एक मोठे कारण पुढच्या पंधरा वर्षांत सापडले. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी रक्त गोठण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व शोधले. आतड्यात पित्त पोचले नाही तर हे जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही. आज अशा रोग्याला शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे इंजेक्शन देतात. पित्ताशय काढण्यासाठी आता पोट लांबवर फाडावेही लागत नाही. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने ते काढले आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया आपल्या देशात आणली.

तरीही पित्तमार्गाचा कर्करोग अजून हटलेला नाही. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, दक्षिणेपेक्षा बराच जास्त आढळतो आणि स्त्रियांना तो अधिक होतो. या रोग्यांपैकी बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतात. खडे असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतो असे मात्र मुळीच नाही. रोग लक्षात येतो तो बहुधा उशिरा आणि तेव्हा सर्जनच्या हातात फारसे उरलेले नसते. आपल्या भागात कावीळ झाली की आधी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे किंवा कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्याची रीत आहे. कावीळ पुष्कळदा आपली आपणच बरी होते आणि श्रेय त्याला मिळते. पण नळी बंद झाल्याने आलेली कावीळ उतरवून उतरत नाही. त्यात गेलेले चार-सहा आठवडे मात्र परत मिळत नाहीत. न दुखणारी आणि वाढत जाणारी कावीळ असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात तपासणी करून घ्यावी, एवढे तरी हे चरित्र वाचणाऱ्याने घरी सांगावे.

हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियांपैकी काही आज बदलल्या, काही मागे पडल्या. त्यांनी लावलेल्या सवयी मात्र टिकल्या. हात हळुवार ठेवावा, नोंद खरी ठेवावी, आपल्या हातून जे निसटले तेही लिहून ठेवावे आणि आपल्यापेक्षा चांगले शिष्य तयार करावेत. शस्त्रक्रियागृहात आज कोणी तरुण डॉक्टर हातमोजे चढवतो, बारीक चिमटा उचलतो आणि घाई न करता पहिली रक्तवाहिनी बांधतो, तेव्हा हॅल्स्टेड यांचे नावही त्याच्या मनात नसेल. पण टेबलावरच्या रोग्याच्या उपयोगी पडते आहे ती त्यांचीच शिकवण.